मागच्या सीटवर कोणी बसायचं नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

मामंजींनी आज चहाचा कप खाली ठेवला आणि चारचौघांत जाहीर करून टाकलं, "ही गाडी सुधारलीस तर गॅरेज तुझं. नाही सुधारली, तर महिनाअखेर किल्ल्या थोरल्याच्या हातात. टायरचं दुकान टाकायचंय ना त्याला, टाकू दे."

चारचौघांत म्हणजे मी, माझा नवरा आणि गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर. नवऱ्याने चहात बुडवलेलं बिस्कीट तिथेच विरघळलं. मामंजी बोलले आणि उठून गेले. माझं उत्तर ऐकायलासुद्धा थांबले नाहीत.

मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे, पण सुनेला निदान विचारायची तरी रीत असते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली चांगली नोकरी सोडून मी या गॅरेजमध्ये राबतेय. ब्रेक मी बघते, एसी मी बघते, वायरिंग मी बघते, स्कॅनर तर मीच आणला. फक्त इंजिन तेवढं त्यांचं. इंजिनाला हात लावला की "बाजूला हो," आणि मग ते लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर इंजिनावर टेकवणार, दुसरं टोक कानाला लावणार आणि डोळे मिटून उभे राहणार. कानाने इंजिन ओळखणारा माणूस अशी त्यांची ख्याती आहे. लोक फोनवरून त्यांना गाडीचा आवाज ऐकवायचे. हल्ली मात्र त्यांनी फोन घेणंच सोडलंय. गिऱ्हाइकांशी बोलायलाही मलाच पुढे करतात. धंद्यातून मन उडालंय आणि राग माझ्यावर निघतोय, असं माझं मत आहे.

आणि आज पहिल्यांदा त्यांनी इंजिन माझ्यावर सोपवलं. तेही कुठलं, तर तीन गॅरेजांनी हात टेकून परत पाठवलेलं! अवघड पेपर काढून नापास करायचा बेत, दुसरं काय.

गाडी वकीलसाहेबांची आहे. काळी, लांबलचक, आठ सिलिंडरची. इंजिन चालू असताना बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हलणार नाही. पण चढावर अडखळते. मिसिंग करते, म्हणजे मधेच एखादा सिलिंडर पेटायचा राहतो, धक्के देते, समोर पिवळा दिवा लागतो आणि सपाटीला आली की पुन्हा साळसूद. आधीच्या लोकांनी प्लग बदलले, कॉइल बदलल्या, इंजेक्टर बदलले. आता बदलायचे राहिलेत ते फक्त वकीलसाहेब.

गाडी आत आली तशी मामंजींनी स्वतःच्या हाताने मागच्या सीटवर पांढरी चादर अंथरली. हा आमच्या गॅरेजचा नियम. पुढची सीट कामाची, मागची मालकाची. मागे कोणी बसायचं नाही, पाना ठेवायचा नाही, टेकायचंसुद्धा नाही. एका कारागिराने मागे बसून डबा खाल्ला होता, त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं, असं नवरा सांगतो. चादर अंथरून झाल्यावर मामंजींनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तापलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावावा तसे बराच वेळ उभे राहिले. इंजिन चालू होतं. स्क्रू ड्रायव्हर काही त्यांनी खिशातून काढला नाही.

म्हणजे त्यांना ऐकायचंच नाहीये. ठीक आहे. नापास कोण होतंय ते बघू.

मंगळवार, ४

स्कॅनर लावला. गाडीच्या मेंदूत जुन्या मिसिंगच्या नोंदी भरपूर आहेत, पण कधी हा सिलिंडर, कधी तो, कधी एकदम चारपाच. हे वाचून मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. एक प्लग खराब असेल तर एकच सिलिंडर रडतो. सगळ्या घराला एकदम खोकला येतो तेव्हा दोष कुणा एकाच्या छातीत नसतो, सगळे जे खातात-पितात त्यात असतो. म्हणजे आधीच्यांनी जे जे बदललं ते निरोगी होतं. सगळ्या सिलिंडरना सामाईक काय, तर हवा आणि पेट्रोल. शोध निम्म्यावर आला.

मग पाण्याच्या टाकीच्या चढावर ट्रायल मारली. तिथे चांगल्या चांगल्या गाड्या धापा टाकतात. ही मात्र लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. पुन्हा नेली, पुन्हा तेच. परत आले तर मामंजी फाटकातच उभे. मी काच खाली करून ओरडले, "काहीच करत नाही हो!" ते टायरकडे बघत राहिले. टायरकडे! थोरल्या भाऊजींचं दुकान आत्तापासून डोळ्यांसमोर दिसायला लागलंय वाटतं.

ड्रायव्हर बाकावर बसून होता. वयस्क, नीटनेटका, खिशाला रुमाल. म्हणाला, "मी एकटा असलो की गरीब गाय आहे ती, ताई. साहेब बसले की चढावर करते."

"मग साहेबांनाच आणा दुरुस्तीला," मी म्हटलं.

तो हसला नाही.

गुरुवार, ६

वकीलसाहेब स्वतः आले. माणूस घेरदार, आवाज त्याहून घेरदार. आल्या आल्या त्यांनी मला गाडीची महती सांगितली. दारं कशी बंद होतात, काचा कशा जाड आहेत, पाठ दुखते म्हणून मागची सीट खास कारागिराकडून उसवून कशी नव्याने भरून घेतली, वगैरे. मी इंजिनाबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते तुमचं खातं."

मी म्हटलं, चला, तुम्ही बसलात की करते ना, तर बसा. त्यांनी मागचं दार उघडलं, चादर बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि दार लावून पुढे येऊन बसले. "पहिल्यांदाच तुमच्या हातात गाडी आहे. मला रस्ता दिसलेला बरा," म्हणाले. बायकांच्या हातात स्टिअरिंग असलं की काही पुरुषांना अचानक रस्त्याची फार ओढ लागते.

गाडी चढ सहज चढून गेली. वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. "फितूर," ते म्हणाले. "ऐन सुनावणीत साक्षीदार फितूर झाला! अहो, मी काय खोटं बोलतोय? मुलीच्या सासरची माणसं गाडीत होती तेव्हा भर चढावर हिने गचके देऊन माझी शोभा केली!"

त्यांची दया आली. गाडी म्हणजे त्यांचा रुबाब, आणि तोच चढावर लंगडतो. पण दयेने इंजिन सुधारत नाही. दुपारी वजनाचाही हिशोब मिटवून टाकला. जुन्या बॅटऱ्या, ब्रेकचे ड्रम, जॅक, जे जड ते सगळं डिकीत भरलं. वकीलसाहेबांपेक्षा जास्तच भरलं असेल. गाडी मागून बसली, पण चढावर हूं की चूं केलं नाही. म्हणजे वजनाचा संबंध नाही. हे पक्कं.

शुक्रवार, ७

पेट्रोलचा दाब मोजला, उत्तम. हवेच्या नळ्यांत धूर सोडून बघितला, कुठून गळत नाही. सगळं उत्तम आहे. इतकं उत्तम की माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

दुपारी वेगळंच बघितलं. मी आत हात धुवत होते, बाहेर आले तर मामंजी इंजिनावर वाकलेले. स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं चक्क दातांत! ग्रीस, धूळ, काही विचार नाही. मी विचारलं, "काही सापडलं का?" उत्तर नाही. तेवढ्यात माझ्या हातून पान्यांचा ट्रे निसटला. असा खणखणाट झाला की समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दुकानाबाहेर आला. मामंजींनी मान वळवली नाही. पूर्वी छोटा बोल्ट पडला तरी "सांभाळून!" म्हणून ओरडायचे. आता माझ्यावर ओरडावंसंही वाटत नाही त्यांना. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं, हे मी इथेच लिहू शकते.

सोमवार, १०

आज मी वाईट वागले, पण त्यातूनच काहीतरी निघेल असं वाटतंय.

रविवारभर एकच विचार केला. साहेब नसताना गाडी नीट, साहेब पुढे बसले तरी नीट, वजनानेही नीट. मग राहिलं काय? ड्रायव्हर. साहेब मागे बसले की हा घाबरतो, ॲक्सिलरेटरवर पाय थरथरतो, चढावर गाडी गचके खाते आणि नाव इंजिनाचं. मला हे इतकं पटलं की सकाळी ड्रायव्हर आल्या आल्या मी त्याच्या तोंडावर बोलून टाकलं.

त्याने खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला. मग म्हणाला, "मी गाडी चालवायला लागलो तेव्हा तुम्ही शाळेतही जात नसाल, ताई. माझ्या पायाला नावं ठेवा, हरकत नाही. पण एक सांगा. त्या तीन गॅरेजांत आणि तुमच्या या गॅरेजात, चढावर मागे बसून कुणी बघितलं का?"

"आमच्याकडे मागे बसत नाहीत," मी ठसक्यात म्हटलं.

"माहितीये. कुठेच बसत नाहीत. मालकाची सीट म्हणून सगळे लांबून नमस्कार करतात," तो म्हणाला आणि किल्ली टेबलावर ठेवून निघून गेला.

तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळपर्यंत मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देत होते आणि एकही उत्तर टिकत नव्हतं. वकीलसाहेब मागे न बसता पुढे बसले. डिकी म्हणजे सीट नव्हे. मागच्या सीटवर, आमच्याकडे गाडी आल्यापासून, चादरीशिवाय काहीच बसलेलं नाही. इंजिनाचा आणि सीटचा काय संबंध, हे मला अजून कळत नाही. पण जी गोष्ट कुणीच करून बघितली नाही ती एवढी एकच उरलीय.

नियम मोडायचा तर मामंजींना विचारायला हवं. जेवण झाल्यावर गेले. ते टीव्हीसमोर, आवाज असा मोठा की बातम्या शेजाऱ्यांनाही फुकट. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून सगळं धाडस गोळा केलं आणि विचारलं, "मामंजी, वकीलसाहेबांच्या गाडीत मागे माणूस बसवून ट्रायल घेऊ का?"

त्यांनी खांदाही हलवला नाही. मी पुन्हा विचारलं. भिंतीशी बोलल्यासारखं. मी पाय आपटत खोलीत आले आणि नवऱ्यासमोर सगळी आग ओकले. नवरा शाळेत भूगोल शिकवतो. भांडणात त्याला उत्तर-दक्षिण कळत नाही, पण आज वह्या तपासता तपासता म्हणाला, "बाबांशी पाठीमागून बोलत जाऊ नकोस. समोर जाऊन, उजेडात उभी राहून बोल."

"आता बोलायच्याही रीती शिकवणार का मला?"

"तेवढं कर," तो म्हणाला आणि लाल पेन कागदावर नुसतंच धरून बसला.

मंगळवार, ११

समोर जाऊन बोलले. उजेडात. मामंजी सकाळी दारातल्या खुर्चीवर बसले होते. मी अगदी त्यांच्या पुढ्यात उभी राहिले, आणि हाताने सीट, चढ, गाडी असं सगळं दाखवत बोलले, कारण मला भीती वाटली की हात चालतात. ते माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते. खोटं पकडायला बघतात तसे. माझं संपलं तरी बघत राहिले.

मला वाटलं, आता गॅरेजचं विसर, घरातूनच जा म्हणतात.

"मागच्या सीटवर कोणी बसायचं नाही," ते म्हणाले. मग ते उठले, माझ्या शेजारून जाताना थांबले. "कुठल्या तरी पोराला नको बसवू. उद्या मी बसतो."

मी अजून त्या वाक्यावरच आहे.

बुधवार, १२

सापडलं! सापडलं, सापडलं! हे आधी लिहून टाकते, मग नीट लिहिते. हाताला अजून काळं आहे, कागदाला लागतंय, लागू दे.

मामंजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. मालकाच्या सीटवर बसायचं म्हणून! चादर काढून घडी करून ठेवली. बूट काढले. मी मागचं डावं दार उघडून धरलं, तसे क्षणभर दाराशी थबकले आणि मग एखाद्याच्या घरी पहिल्यांदा जावं तसे अवघडून आत बसले. पुढच्या डाव्या सीटवर मी स्कॅनर बांधून ठेवला होता, पडद्यावर पेट्रोलच्या दाबाची रेघ सरळ चालली होती.

टाकीचा चढ सुरू झाला. मी कान टवकारून होते. इंजिन मऊ, सुरेल, काही नाही. मी मनात म्हणत होते, झालं, आता परत, आता टायरचं दुकान.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर मागून थाप बसली. "आता!"

मी काहीही ऐकलं नव्हतं. पडद्याकडे बघितलं तर दाबाची रेघ घसरगुंडीवरून घसरावी तशी खाली येत होती. आणि मग, त्यानंतर, इंजिन अडखळलं. गच, गच, गच. पिवळा दिवा लागला. इतका सुंदर दिवा मी आयुष्यात बघितला नाही. मी स्टिअरिंगवर हात आपटून ओरडले. माझ्या आधी, स्कॅनरच्या आधी त्यांना कळलं! कान असावेत तर असे, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, नुसतं म्हणाले, "पाठीला कळलं." मोठेपणा घ्यायचा नाही ही त्यांची जुनी खोड.

"मामंजी, उजवीकडे सरका!" मी ओरडले. ते ढिम्म. आनंदाने सुन्न झाले असावेत. आरशात बघून मी हाताने खूण केली, तेव्हा सरकले. रेघ वर चढली. इंजिन मऊ. पुन्हा डावीकडे खूण केली. रेघ खाली, गच गच. उजवीकडे, मऊ. डावीकडे, गच. त्या चढावर मी आणि माझ्या सासऱ्यांनी असा काही खेळ मांडला की भाजीवाली टोपली खाली ठेवून बघत उभी राहिली. इस्त्रीच्या शर्टातले म्हातारे गृहस्थ गाडीत इकडून तिकडे उड्या मारतायत आणि सून पुढे स्टिअरिंग बडवतेय! मामंजी हसत होते. दात दिसेपर्यंत. मी त्यांना असं हसताना बघितलेलं नव्हतं.

गॅरेजमध्ये येऊन सीट उचलली. सीटच्या खाली, गालिच्यात कापलेल्या झाकणाखाली पेट्रोलचा पंप असतो, टाकीत बसवलेला. त्याची वायर बाजूच्या खाचेतून जायला हवी. पण सीट नव्याने भरणाऱ्या कारागिराने परत बसवताना ती वायर सीटच्या लोखंडी पट्टीखाली दाबून ठेवली होती. माणूस बसला की पट्टी वायरीला चावायची. चावून चावून आतले तांब्याचे धागे तुटलेले, चारदोन धाग्यांवर पंप कसाबसा जगत होता. सपाटीवर पेट्रोल कमी लागतं, तेवढ्यावर भागायचं. चढावर, वर वकीलसाहेब बसलेले, पंपाला वीज पुरायची नाही, दाब पडायचा आणि आठही सिलिंडर उपाशी. वकीलसाहेब खरं बोलत होते. ड्रायव्हर खरं बोलत होता. गाडीसुद्धा खरं बोलत होती. चार गॅरेजं मात्र मालकाचा मान राखण्यात गुंतली होती.

मी नवी वायर घातली, जोड झाळून वर आवरण चढवलं आणि तिच्या मूळ खाचेतून नेली. सीट बसवायच्या आधी मामंजींनी बोट फिरवून पट्टी आणि वायर यांत किती अंतर आहे ते बघितलं. मग "बाजूला हो" म्हणतील असं वाटलं, म्हणून सवयीने मी मागे सरकले. त्यांनी बोल्ट माझ्याच हातात ठेवला.

पुन्हा चढावर. मामंजी डावीकडे, मुद्दाम जोर देऊन बसलेले, उड्या मारतायत. रेघ सरळ. तीच रेघ, वरपर्यंत, टाकीच्या फाटकापर्यंत सरळ!

संध्याकाळी ड्रायव्हरच्या घरी जाऊन माफी मागितली. म्हटलं, तुमचा पाय निर्दोष सुटला. तो म्हणाला, "चहा घेऊन जा ताई, नाहीतर खटला चालू राहील." वकिलाकडे राहून लागलेली भाषा.

शुक्रवार, १४

वकीलसाहेब आज गाडी न्यायला आले. सीट उचलून मी त्यांना जुनी वायर दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. "म्हणजे माझ्याच पाठीने माझा घात केला," म्हणाले.

मी म्हटलं, आज मागे बसायचं. डावीकडे, नेहमीच्या जागी. रस्ता दिसला नाही तरी चालेल. ते निमूट बसले. मामंजीही आले, पुढे माझ्या शेजारी. चढावर वकीलसाहेबांनी दोन्ही हात मांड्यांवर घट्ट धरले होते, जणू निकाल वाचला जातोय. वळण गेलं, चढाचा मधला भाग गेला, टाकी आली. गाडीने श्वासही मोठा घेतला नाही. "साक्षीदार खरं बोलला!" ते गरजले, आणि मग थोड्या वेळाने, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "मुलीला फोन करतो." मला वाटतं त्यांचे डोळे भरले होते. माझे तर भरलेच.

गॅरेजमध्ये आलो. वकीलसाहेब आणि ड्रायव्हर जुन्या वायरीवरून हुज्जत घालत फाटकाशी गेले. इंजिन चालूच होतं. मी बॉनेट उघडून शेवटची नजर टाकली आणि खाली लावून घेतलं. मामंजींनी त्यावर तळहात ठेवला, पहिल्या दिवशी ठेवला होता तसा. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे वळून विचारलं,

"कशी वाजतेय गं?"

मी हसून म्हणणार होते, मला काय विचारता, तुम्हीच सांगा की. तोंड उघडलंसुद्धा. आणि त्यांचे डोळे बघितले. ते माझ्या ओठांवर होते. वाट बघत होते.

ट्रे पडला तेव्हाची त्यांची पाठ आठवली. दातांतला स्क्रू ड्रायव्हर. टीव्ही. फोन. काच खाली करून मी ओरडले आणि ते टायरकडे बघत राहिले. टायरचं दुकान, जिथे सगळं डोळ्यांनी दिसतं. नवऱ्याचं ते "उजेडात उभी राहून बोल." आणि मी मूर्ख, अकरा तारखेला "खोटं पकडायला बघतात तसे" लिहून बसले. नापास करायला नव्हतं दिलं त्यांनी हे इंजिन. इंजिन सोपवावं असं दुसरं माणूसच त्यांच्याकडे नव्हतं, आणि ते माझ्याच हातून सुधारावं म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःचा नियम मोडायला आले होते. इतका अभिमान आणि इतकी लाज एकदम वाटता येते हे मला माहीत नव्हतं.

मी दारातून येणाऱ्या उजेडाकडे तोंड केलं. त्यांच्या अगदी समोर. आणि सावकाश, एकेक शब्द करून सांगितलं.

"एकसारखी वाजतेय, मामंजी. आठही. खालचा सूर भरदार आहे, वर पट्ट्याची बारीक सळसळ. कुठे खंड नाही. वेग दिला तर नुसती हुंकारते. तुम्ही लावून द्यायचात ना, अगदी तशी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. जसे पूर्वी स्क्रू ड्रायव्हर लावल्यावर मिटायचे. मग उघडले.

"हं," म्हणाले. "मला वाटलंच."

आणि खिशातून गॅरेजच्या किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी दणक्यात बॉनेटवर ठेवला. मग गाडी गिऱ्हाइकाची आहे हे आठवलं असावं. घाईघाईने उचलला, ओरखडा पडला का ते शर्टाच्या बाहीने पुसून बघितलं, आणि जुडगा माझ्या हातात दिला.